मशीन लर्निंगची टीम: कामाच्या शिवणी कशा घालाव्यात

मधुमेहामुळे डोळ्याच्या पडद्यावर होणारा विकार छायाचित्रावरून ओळखणारे एक मॉडेल, म्हणजे उदाहरणांवरून शिकलेला संगणकीय प्रोग्राम, गुगलच्या संशोधकांनी २०१६ मध्ये मांडले, तेव्हा त्यामागे १,२८,१७५ छायाचित्रे आणि ती तपासणारे ५४ डॉक्टर होते. त्यांतील काही छायाचित्रे भारतातील नेत्ररुग्णालयांतून आलेली होती. मॉडेलची अचूकता तज्ज्ञांच्या तोडीची होती. पुढे थायलंडमधील ११ दवाखान्यांत ही प्रणाली कशी वापरली जाते याची संशोधकांनी २०१८ च्या अखेरीपासून प्रत्यक्ष जाऊन पाहणी केली, तेव्हा पहिल्या सहा महिन्यांत तिच्याकडे गेलेल्या १,८३८ छायाचित्रांपैकी २१ टक्के छायाचित्रे तिने तपासण्याजोगी नाहीत म्हणून परत केल्याचे दिसले. बहुतेक दवाखान्यांत डोळ्यांच्या तपासणीसाठी वेगळी, अंधार करता येईल अशी खोली नव्हती, त्यामुळे छायाचित्रे काळपट किंवा अस्पष्ट येत होती, आणि प्रणाली मात्र ठरावीक दर्जाचीच छायाचित्रे स्वीकारत होती.

या प्रसंगात मॉडेल बिघडलेले नव्हते. छायाचित्र काढणारी परिचारिका आणि ते वाचणारे मॉडेल यांच्यामधली शिवण कच्ची राहिली होती. कापड जसे बहुधा शिवणीवर उसवते, तसेच डेटावर चालणारे उत्पादनही एका माणसाचे काम संपून दुसऱ्याचे सुरू होते तिथे उसवते. पुढील मार्गदर्शन पाच ते दहा जणांच्या टीमसाठी असून ते या शिवणींच्या क्रमाने लिहिले आहे. कोणता अल्गोरिदम (मॉडेलने शिकण्याची गणिती रीत) निवडावा याची चर्चा त्यात मुद्दाम केलेली नाही, कारण त्याविषयीची माहिती मुबलक आहे आणि टीमचे काम तिच्यावाचून क्वचितच अडते.

आधी एक पान लिहावे

समजा, एका महानगरपालिकेच्या पाणीपुरवठा विभागाकडे रोज मराठीतून येणाऱ्या तक्रारींपैकी तातडीच्या तक्रारी वेगळ्या काढून द्यायच्या आहेत. पहिल्या आठवड्यात कोणीही मॉडेलला हात लावू नये. त्याऐवजी टीममधील एकाने विभागाच्या अधिकाऱ्याशेजारी बसून एक पान लिहावे, आणि त्यात मॉडेलचे उत्तर कोण वाचणार, कधी वाचणार आणि ते वाचून आजच्यापेक्षा वेगळे काय करणार हे साध्या शब्दांत मांडावे. उपअभियंता सकाळी नऊ वाजता यादी उघडतो आणि त्याच्याकडे दिवसाला ४० ठिकाणी जाऊ शकतील एवढीच माणसे आहेत, असे त्या पानावर लिहिले गेले की कामाचे स्वरूपच बदलते. मग ‘तातडीची’ आणि ‘साधी’ असे दोन गठ्ठे करून त्याचे भागत नाही. त्याला सर्व तक्रारी गरजेच्या क्रमाने लावून हव्या असतात, कारण पहिल्या ४० नंतरच्या तक्रारी त्या दिवशी कोणी पाहणारच नसते.

त्याच पानावर दोन्ही प्रकारच्या चुकांची किंमतही लिहावी. पाण्याच्या नळात सांडपाणी मिसळत असल्याची तक्रार यादीत खाली गेली तर एखादी वस्ती आजारी पडू शकते. उलट साधी तक्रार वर आली तर एका पथकाची फेरी वाया जाते. या दोन चुका समान धरून काढलेला अचूकतेचा एकच आकडा दिशाभूल करतो, आणि तरीही बहुतेक सादरीकरणांत तोच आकडा मोठ्या अक्षरांत असतो. तातडीच्या म्हणून नोंदवलेल्या तक्रारींपैकी किती पहिल्या ४० मध्ये आल्या, हा आकडा विभागाला कळतो आणि टीमलाही पुरतो.

मशीन लर्निंगशिवाय हे काम कसे झाले असते, हेही पानावर यावे. ‘गढूळ’, ‘दुर्गंधी’, ‘गटाराचे पाणी’, ‘जुलाब’ अशा शब्दांची यादी करून त्या तक्रारी वर आणणारा नियम एका दुपारी लिहून होतो. तो नियम आधी चालू करावा आणि मॉडेलची तुलना त्याच्याशीच करावी. मॉडेलने त्या नियमावर मात केली नाही तर टीमला महिनाभरातच खरी गोष्ट कळते, आणि विभागाला तोवर निदान काहीतरी मिळालेले असते.

नेटफ्लिक्सने प्रेक्षकांच्या पसंतीचा अंदाज १० टक्क्यांनी सुधारणाऱ्यास २००६ मध्ये १० लाख डॉलरचे बक्षीस जाहीर केले आणि ते २००९ मध्ये दिलेही. मात्र विजेत्या टीमने शेवटी जोडलेला मॉडेलांचा प्रचंड समूह कंपनीने प्रत्यक्ष वापरात आणला नाही. अचूकतेतील वाढीच्या मानाने ते उभे करण्याचा खटाटोप परवडण्यासारखा नव्हता, असे कंपनीच्या अभियंत्यांनी २०१२ मध्ये लिहिले. शिवाय तोवर धंदा डीव्हीडीकडून स्ट्रीमिंगकडे वळला होता आणि ताऱ्यांच्या गुणांकनाचे महत्त्वच कमी झाले होते. स्पर्धेचे उद्दिष्ट आणि धंद्याचे उद्दिष्ट तीन वर्षांत एकमेकांपासून दूर जाऊ शकतात, म्हणून हे पान दर तिमाहीस पुन्हा वाचावे.

लेबल लावणे हेच निम्मे काम

लेबल लावण्याचे, म्हणजे प्रत्येक तक्रार ‘तातडीची’ की ‘साधी’ हे माणसाने वाचून नोंदवण्याचे, काम टीममधील सर्वांत कनिष्ठाकडे किंवा बाहेरच्या कंत्राटदाराकडे सोपवून मोकळे होण्याची पद्धत रूढ आहे, आणि माझ्या मते टीमची सर्वांत महागडी सवय हीच आहे. मॉडेल जे शिकते ते लेबलांतून शिकते. लेबलांत मतभेद दडलेले असतील तर मॉडेल ते मतभेदच शिकते. म्हणून पहिल्या २०० तक्रारींना टीममधील प्रत्येकाने, प्रमुखासकट, स्वतंत्रपणे लेबल लावावे. एकाचे उत्तर दुसऱ्याला आधी दिसू नये.

त्यानंतर सर्वांनी एकत्र बसून केवळ मतभेदाच्या तक्रारी वाचाव्यात. ‘पाणी आले, पण पिवळे’ ही तक्रार पुरवठ्याची की शुद्धतेची? ‘तीन दिवस झाले पाणी नाही’ हे तातडीचे मानले, तर ‘कालपासून पाणी नाही, घरात बाळंतीण आहे’ याचे काय करायचे? ‘काय सुंदर सोय केली आहे, पहाटे तीनला पाणी सोडता’ या वाक्यातील उपरोध एकाला दिसतो आणि दुसऱ्याला कौतुक वाटते. ‘प्रेशर भारी आहे’ हे कौतुक आहे की पाइप फुटेल ही भीती, हे लिहिणारा कोणत्या भागातला आहे यावरही अवलंबून असते. अशा बैठकीत विभागातला एक अनुभवी माणूस हवाच. शक्यतो व्हॉल्व्ह उघडबंद करणारा चावीवाला असावा, कारण कोणत्या पेठेत पिवळे पाणी म्हणजे नुसता गंज आणि कुठे ते गळतीचे लक्षण, हे त्याच्याइतके कोणालाही ठाऊक नसते.

या बैठकीतून लेबलांची नियमपुस्तिका तयार होते. प्रत्येक नियमासोबत दोन खरी उदाहरणे द्यावीत, एक नियमात बसणारे आणि दुसरे थोडक्यात हुकणारे. ‘ठरवता येत नाही’ असेही एक लेबल ठेवावे आणि ते वापरल्याबद्दल कोणाला दोष देऊ नये. पुस्तिका बदलली की तिचा आवृत्तिक्रमांक बदलावा आणि प्रत्येक लेबलाशेजारी ते कोणत्या आवृत्तीनुसार लावले याची नोंद असावी. अन्यथा सहा महिन्यांनी जुनी आणि नवी लेबले एकाच तक्त्यात मिसळलेली सापडतात आणि ती वेगळी काढणे कोणालाही जमत नाही.

एकमत किती आहे हे मोजताना नुसत्या टक्केवारीवर विसंबू नये. दोघेही १०० पैकी १० तक्रारींना ‘तातडीची’ म्हणत असतील, तर त्यांनी डोळे मिटून लेबले वाटली तरी सरासरी ८२ तक्रारींवर त्यांचे एकमत होईल, कारण दोघांचेही ‘साधी’ असे मत योगायोगाने जुळण्याचे प्रमाण ८१ टक्के आणि ‘तातडीची’ जुळण्याचे १ टक्का असते. प्रत्यक्षात ८८ तक्रारींवर एकमत झाले, तर योगायोगापलीकडच्या १८ गुणांपैकी केवळ ६ मिळाले, म्हणजे एकतृतीयांश. जेकब कोहेन यांनी १९६० मध्ये सुचवलेला कापा हा निर्देशांक हेच मोजतो. ८८ टक्के एकमत ऐकून समाधान मानणारी टीम प्रत्यक्षात ०.३३ कापावर उभी असते, आणि तेवढ्या भांडवलावर मॉडेल घडवू नये.

डोळ्यांच्या मॉडेलच्या कामात प्रत्येक छायाचित्र तीन ते सात डॉक्टरांनी तपासले होते. पाणीपुरवठ्याच्या टीमला एवढे परवडणार नाही आणि त्याची गरजही नाही. पण दर आठवड्याच्या नव्या लेबलांपैकी दहांतील एक तक्रार दोघांकडून लेबल करून घ्यावी आणि कापाचा आलेख भिंतीवर लावावा. तो घसरू लागला तर दोनच कारणे संभवतात: लेबल लावणारे थकले आहेत, किंवा तक्रारींचा प्रकार बदलतो आहे. दोन्ही गोष्टी टीमला लगेच कळायला हव्यात.

डेटा देणारा आणि घेणारा

डेटा पाठवणाऱ्या टीमला तो पुढे कोण वापरते हे बहुधा माहीत नसते. ॲप सांभाळणाऱ्यांनी एखाद्या स्तंभातील रक्कम रुपयांऐवजी पैशांत साठवायला सुरुवात केली, तर त्यांच्या दृष्टीने ती सुधारणा असते. त्या स्तंभावर चालणारे मॉडेल मात्र कोणतीही त्रुटी न दाखवता चुकीची उत्तरे देऊ लागते. म्हणून देणारा आणि घेणारा यांच्यात लेखी करार असावा: प्रत्येक स्तंभाचा अर्थ, एकक, रिकामा राहण्याची मुभा, आणि बदल करण्याआधी किती दिवस वर्दी द्यायची. करारातील अटी तपासणारा लहानसा प्रोग्राम रोज डेटा येताच चालावा आणि अट मोडली तर डेटा पुढे जाऊ नये.

मराठी मजकुरावर काम करणाऱ्यांसाठी या करारात एक खास अट असायला हवी. ‘दुसऱ्या’, ‘वाऱ्याने’, ‘कोपऱ्यात’ या शब्दांतला अर्धा ‘र’ संगणकात दोन प्रकारे साठवला जातो: काही कीबोर्ड ‘ऱ’ या स्वतंत्र अक्षराला हलन्त जोडतात, तर काही साध्या ‘र’ला हलन्त आणि त्यापुढे न दिसणारे जोडचिन्ह देतात. पडद्यावर दोन्ही रूपे सारखीच दिसतात. युनिकोड या अक्षरे साठवण्याच्या पद्धतीचे नेहमीचे प्रमाणीकरण चालवूनही ती एक होत नाहीत, त्यामुळे ‘दुसऱ्या मजल्यावर पाणी चढत नाही’ ही तक्रार मॉडेलला दोन वेगळ्या शब्दांनी लिहिलेली वाटते. हे रूपांतर कोणत्या टप्प्यावर आणि कोणत्या टीमने करायचे, हे करारात लिहावे. दोन्ही टीमनी ते आपापल्या परीने केले तर गोंधळ वाढतोच.

गुगल फ्लू ट्रेंड्स ही सेवा २००८ मध्ये सुरू झाली. लोक काय शोधतात यावरून अमेरिकेतील फ्लूचा अंदाज ती बांधत असे. २०१२-१३ च्या हंगामात एका टप्प्यावर तिचा अंदाज सरकारी आकड्यांच्या दुपटीहून अधिक भरला. २०१४ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात लिहिणाऱ्या अभ्यासकांनी दाखवलेल्या कारणांपैकी एक असे, की शोधयंत्र स्वतःच सतत बदलत होते, शोधताना येणाऱ्या सूचनांमुळे लोक आजाराविषयीचे काही शब्द अधिक शोधू लागले असावेत. म्हणजे एकाच कंपनीतील एका टीमने केलेली सुधारणा दुसऱ्या टीमच्या मोजमापात आजारासारखी दिसली. करार बाहेरच्या पुरवठादाराशी करतो तितक्याच काटेकोरपणे शेजारच्या टेबलाशीही करावा, असे मला वाटते ते यामुळेच.

तक्रारींत नाव, फोन आणि पत्ता असतो. वैयक्तिक डेटा कोणत्या हेतूसाठी घेतला तो हेतू भारताच्या २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात मध्यवर्ती आहे. मॉडेलला फोन क्रमांकाची गरज नसते. म्हणून तो प्रशिक्षणाच्या तक्त्यात मुळात येऊच देऊ नये.

प्रयोगांची वही

साधनांविषयी थोडक्यात सांगतो, कारण ती बदलत राहतात. कोड त्याच्या आवृत्त्या सांभाळणाऱ्या गिटमध्ये असावा, प्रयोगांची नोंद एमएलफ्लोसारख्या साधनात किंवा अगदी सामाईक तक्त्यात असावी, आणि प्रत्येक निकालाशेजारी कोडची आवृत्ती, डेटाची आवृत्ती व प्रयोगाचा हेतू एका वाक्यात लिहिलेला असावा. ज्युपिटर नोटबुक, म्हणजे कोडचे तुकडे एकेक चालवून पाहण्याची वही, शोधासाठी उत्तम आहे, पण त्यातील भाग कोणत्याही क्रमाने चालवता येत असल्याने तिथे मिळालेला आकडा पुन्हा मिळेलच असे नाही. म्हणून इतरांना सांगायचा कोणताही आकडा आधी दुसऱ्या सहकाऱ्याने आपल्या संगणकावर नव्याने काढून दाखवावा.

चाचणीचा डेटा, म्हणजे मॉडेलला शिकवताना न दाखवता परीक्षेसाठी राखलेला भाग, एकाच व्यक्तीच्या ताब्यात असावा, आणि तो उघडण्याच्या तारखा वहीत असाव्यात. विभागणीही विचारपूर्वक करावी. एकाच रुग्णाचा डावा डोळा प्रशिक्षणात आणि उजवा चाचणीत गेला, तर मॉडेल आजाराऐवजी माणूस ओळखून चांगले गुण मिळवू शकते. तक्रारींच्या बाबतीत एकाच फुटलेल्या जलवाहिनीबद्दल ६० जणांनी लिहिलेले असते. त्या ६० तक्रारी एकाच बाजूला राहतील असे पाहावे, आणि चाचणीसाठी नेहमी प्रशिक्षणानंतरचा काळ निवडावा. पावसाळ्यावर शिकलेले मॉडेल मे महिन्यातल्या टँकरच्या तक्रारींवर कसे वागते, हे आधीच पाहिलेले बरे.

आठवड्याची घडी

दोन आठवड्यांच्या स्प्रिंटमध्ये, म्हणजे ठरावीक मुदतीच्या कामाच्या टप्प्यात, ‘अचूकता पाच टक्क्यांनी वाढवणे’ असे काम लिहिणे म्हणजे पावसाला तारीख देणे होय. संशोधनाचे काम प्रश्नाच्या रूपात लिहावे आणि त्याला दिवस बांधून द्यावेत: ‘तक्रारीतील पत्त्याचा उपयोग होतो का, हे तीन दिवसांत सांगणे.’ उत्तर नकारार्थी आले तरी काम पूर्ण झाले असे मानावे. डेटा वाहून नेणारी पाइपलाइन, प्रोग्रामच्या चाचण्या, वापरणाऱ्याला दिसणारे स्क्रीन ही बांधकामाची कामे मात्र नेहमीच्या अंदाजपद्धतीने चालवावीत. दोन्ही प्रकारची कामे एकाच मापाने मोजली की संशोधक आकडे फुगवू लागतात किंवा सोपे प्रश्न निवडू लागतात, आणि त्यात त्यांचा फारसा दोष नसतो.

आठवड्यातील एक तास मात्र कोणत्याही कारणाने रद्द करू नये. त्या तासात संपूर्ण टीमने, डिझाइनर आणि प्रॉडक्ट मॅनेजर धरून, मॉडेलच्या ५० चुका मोठ्याने वाचाव्यात. कोणत्या चुका लेबलाच्या आहेत, कोणत्या डेटाच्या, कोणत्या खरोखर मॉडेलच्या आणि कोणत्या मुळात चुकाच नाहीत, अशी वर्गवारी करावी. बहुतेक टीमना पहिल्याच तासात लेबलाच्या चुकांचा गठ्ठा अपेक्षेपेक्षा जाड दिसतो. पुढील आठवड्याचे काम या वर्गवारीतून ठरवावे, एखाद्याने रात्री वाचलेल्या नव्या शोधनिबंधावरून नव्हे.

दवाखान्यात, कार्यालयात, रस्त्यावर

मॉडेल वापरात आणताना आधी काही आठवडे ते शॅडो मोडमध्ये चालवावे: ते उत्तरे देते, त्यांची नोंद होते, पण ती कोणालाही दाखवली जात नाहीत आणि काम जुन्या पद्धतीनेच चालते. नंतर दोन्हींची तुलना करावी. त्यानंतर एकाच वॉर्डात ते सुरू करावे, आणि मागे फिरण्याची वाट एका आज्ञेइतकी सोपी ठेवून ती वाट खरोखर चालते का हे आधी करून पाहावे.

तरीही शॅडो मोडमध्ये माणसाचे वागणे दिसत नाही. थायलंडमधील पाहणीत परिचारिकांनी जे सांगितले ते प्रणालीच्या कोणत्याही नोंदीत (लॉगमध्ये) आले नसते. छायाचित्र नाकारले गेले की रुग्णाला तज्ज्ञाकडे पाठवावे असा नियम होता. तज्ज्ञ दूरच्या रुग्णालयात, आणि तिथे जाण्यायेण्यात रुग्णाची दिवसाची मजुरी बुडणार. मग काही परिचारिका रुग्णांना या अभ्यासात सहभागी होण्यापासूनच परावृत्त करू लागल्या. एका दवाखान्यात इंटरनेट दोन तास बंद पडले आणि त्या दिवशी तपासायच्या २०० रुग्णांपैकी १०० जणांचीच तपासणी झाली. संशोधकांनी पुढे नियम बदलला: नाकारलेले छायाचित्र आणि रुग्णाची कागदपत्रे तज्ज्ञाने पाहावीत आणि मगच पाठवायचे की नाही ते ठरवावे. मॉडेल तेच राहिले, भोवतालची रीत मात्र बदलली.

म्हणून टीममधील प्रत्येक अभियंत्याने तिमाहीत निदान एक दिवस वापरणाऱ्याशेजारी बसून घालवावा आणि त्या दिवशी लॅपटॉप उघडू नये. उपअभियंता यादी छापून घेतो का, पहिल्या पाच तक्रारी वाचून बाकीच्या सोडून देतो का, नगरसेवकाचा फोन आला की क्रम बदलतो का, हे तिथेच कळते. मॉडेलला उत्तर देता आले नाही तर पुढे कोणी काय करायचे, हेही पडद्यावर ठळक दिसावे. ती जागा रिकामी राहिली की माणसे आपापली वाट काढतात आणि टीमला त्याचा पत्ताही लागत नाही.

चालू झाल्यानंतर आणि बंद करताना

मॉडेल बरोबर ठरले की नाही हे कळायला आठवडे लागतात, म्हणून लक्ष आधी आत येणाऱ्या डेटावर ठेवावे: रोजच्या तक्रारींची संख्या, त्यांची सरासरी लांबी, रिकाम्या पत्त्यांचे प्रमाण, प्रत्येक वॉर्डाचा वाटा. सूचना देणारी यंत्रणा अशी लावावी की आठवड्यातून दोनतीनदाच वाजेल. रोज वाजणाऱ्या घंटेकडे तिसऱ्या दिवसापासून कोणी पाहत नाही. घंटा वाजल्यावर कोण उठणार त्याचे नाव पाळीच्या तक्त्यात असावे, आणि त्या पाळीतून मॉडेल घडवणाऱ्यांना सूट नसावी. गडबड झाल्यास दोन दिवसांत एकत्र बसून घटनाक्रम लिहावा. त्यात ‘कोणी केले’ याऐवजी ‘ते करणे त्या वेळी योग्य का वाटले’ हा प्रश्न विचारावा, कारण पहिल्या प्रश्नाला माणसे बचाव करतात आणि दुसऱ्याला माहिती देतात.

थांबण्याची रेषाही सुरुवातीच्या पानावरच आखून ठेवावी. झिलो ही अमेरिकी कंपनी आपल्याच किमतीच्या अंदाजांच्या आधारे घरे विकत घेत असे. घरांच्या किमतींचा अंदाज अपेक्षेपेक्षा फार अनिश्चित ठरल्याचे सांगून तिने नोव्हेंबर २०२१ मध्ये तो व्यवसाय बंद करत असल्याचे जाहीर केले आणि सुमारे एकचतुर्थांश कर्मचारी कमी केले. तोटा दिसू लागल्यावर रेषा आखायला बसले की ती प्रत्येक बैठकीत थोडी पुढे सरकते. पाणीपुरवठ्याच्या टीमसाठी ही रेषा साधी असू शकते: सलग दोन आठवडे मॉडेल शब्दयादीच्या जुन्या नियमापेक्षा वाईट ठरले, तर नियम परत सुरू होईल आणि हे करण्याचा अधिकार पाळीवरच्या अभियंत्याकडे असेल, त्यासाठी बैठकीची गरज नसेल.

बंद केलेल्या मॉडेलचाही एक कागद ठेवावा: ते कशासाठी होते, कोणत्या डेटावर शिकले, लेबलांच्या पुस्तिकेची कोणती आवृत्ती होती, कोणत्या वॉर्डांत ते कमी पडत होते आणि ते कोणत्या दिवशी, कोणाच्या सहीने थांबवले. त्याच्या उत्तरांवर चालणारे तक्ते आणि अहवाल शोधून त्यांच्या मालकांना कळवल्याशिवाय सर्व्हर बंद करू नये. एखाद्या वॉर्ड कार्यालयात कोणीतरी ती यादी रोज सकाळी छापून भिंतीला लावत असण्याची शक्यता असते, म्हणून तिथे एकदा प्रत्यक्ष जाऊन विचारावे.